ओवी आणि फ्रेंच लोकगीत

मराठी वाङ्मयाच्या इतिहासांत बारामतीचें नांव येतें तें मोरोपंतांमुळें. १७२९ सालीं पन्हाळ्यास जन्मलेला हा कवि नाईकांच्या आश्रयानें कऱ्हेच्या कांठीं स्थिरावला आणि १७९४ मध्यें तेथेंच वारला. त्याची केकावली, त्याच्या आर्या, त्याचीं रामायणें यांवर आमच्या पंडितांनीं पुष्कळ लिहिलें आहे, व तें योग्यच आहे. परंतु पंत पहाटे स्नानसंध्येस बसत तेव्हां शेजारच्या घरांतून जात्याची घरघर व तिच्यासंगें निघणारी ओवी त्यांच्या कानीं रोज पडत असली पाहिजे. त्या ओवीविषयीं वाङ्मयाचा इतिहास फार कमी बोलतो. आणि बोलतो तेव्हां कौतुकानें बोलतो, विचारानें नव्हे.

या ओवीचा विचार करतांना प्रस्तुत लेखांत फ्रेंच लोकगीत शेजारीं घेतलें आहे. कोणास ही तुलना ओढून ताणून आणलेली वाटेल. परंतु तीस दोन सबळ कारणें आहेत. एक तर जात्यावरील ओव्यांचा जो सर्वांत मोठा संग्रह आज उपलब्ध आहे तो हेमा राईरकर या मराठी विदुषीनें आणि गी पॉइटवाँ या फ्रेंच गृहस्थानें मिळून उभा केला. पॉइटवाँ यांचा जन्म १९३४ चा. १९७९ मध्यें त्यांनीं भारताचें नागरिकत्व घेतलें व २००४ मध्यें ते निवर्तले. दुसरें कारण असें कीं, लोकगीत म्हणजे काय, तें कोण रचतें, तें कागदावर उतरवितांना त्याचें काय होतें, या प्रश्नांवर फ्रेंच पंडितांनीं दीड-दोनशें वर्षें वाद घातला आहे. दुसऱ्याच्या घरच्या भांडणांतून आपल्या घराविषयीं शहाणपण मिळत असेल तर तें कां घेऊं नये?

प्रथम प्राचीनतेचा प्रश्न. कल्याणीच्या चालुक्य वंशांतील राजा तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लास या संस्कृत ग्रंथांत, म्हणजे ११२९ च्या सुमारास, महाराष्ट्रांतील स्त्रिया कांडण करतांना ओवी गातात असा स्पष्ट उल्लेख आहे. पुढें तेराव्या शतकांत देवगिरीच्या यादवांच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवानें संगीतरत्नाकरांत ओवीची दखल घेतली. ज्ञानेश्वरी झाली ती १२९० मध्यें. सारांश, ओवी ग्रंथांत शिरण्यापूर्वीं दीड शतक तरी ती उखळाशीं होती. ग्रंथकारांनीं तिला तेथून उचललें, तिला तीन यमकांचे चरण आणि एक आंखूड चरण असें वळण दिलें, आणि तत्त्वज्ञान सांगावयास लाविलें. आपण मात्र घराण्याची परंपरा उलटी सांगतों: ज्ञानदेवांची ओवी ती मुख्य, आणि बायकांची ओवी तिची साधी बहीण! वास्तविक ही बहीण नसून आई आहे.

फ्रान्सांतहि असाच एक प्रकार आहे. बाराव्या व तेराव्या शतकांतील कांहीं गीतांस तेथें 'शांसाँ द त्वाल', म्हणजे कापडावरचीं गाणीं, असें म्हणतात. त्यांत कोणी तरुणी शिवण किंवा भरतकाम करीत बसलेली असते आणि दूर गेलेल्या प्रियकरासाठीं झुरत असते. अशीं वीसेक गीतेंच आज शिल्लक आहेत. ज्याँ रनार या कवीच्या तेराव्या शतकाच्या आरंभींच्या एका पद्यकथेंत एक वृद्ध माता म्हणते कीं, पूर्वींच्या थोर स्त्रिया हातांत काम घेऊन अशीं गाणीं गात. म्हणजे त्या काळींहि तीं 'पूर्वींचीं' होतीं! परंतु येथें एक पेंच आहे. या वीस गीतांपैकीं पांच ओदफ्रवा नांवाच्या कवीचीं म्हणून प्रसिद्ध आहेत. बाकीचींहि खरोखर स्त्रियांच्या मुखांतलीं, कीं पुरुष कवींनीं स्त्रीचा आवाज काढून रचलेलीं, याविषयीं विद्वानांत एकमत नाहीं. स्त्रीचें श्रमगीत फ्रेंच वाङ्मयास मिळालें तें लेखनिकाच्या हातून, गाळून आणि सजवून. आमच्याकडे तें विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत मूळ मुखांतून ऐकावयास मिळत होतें. या भाग्याची किंमत आम्हांस पुरती कळलेली नाहीं.

आतां रचनेकडे वळूं. जात्याची ओवी साधारणतः दोन ओळींची असते. प्रत्येक ओळींत मध्यें विसावा, शेवटीं यमक, आणि अक्षरांची गणती जवळजवळ नाहींच. कमी पडल्यास स्वर लांबवावा, किंवा 'गं बाई', 'सांगतें' असा एखादा भरणीचा शब्द घालावा. पंडितास हा सैलपणा वाटतो. परंतु जात्याशीं बसलेल्या बाईकडून पाहिल्यास हा सैलपणा नसून काटेकोर हिशेब आहे. जड दगड एका हातानें वा दोघींनीं खुंटा धरून फिरवावयाचा. मुठीमुठीनें दाणे वैरावयाचे. श्वास घ्यावयाचा तो फेऱ्याच्या सोयीनें. ओळ लांबते ती या फेऱ्यासाठीं, आणि विसावा येतो तो श्वासासाठीं. दोघी दळत असल्यास एकीनें ओळ टाकावी व दुसरीनें ती उचलावी. पहिली तोंवर पुढच्या ओळीचा विचार करते.

जुन्या फ्रेंच गाण्यांतहि नेमकी हीच युक्ति आहे. 'आ ला क्लेर फोंतेन' हें प्रसिद्ध गाणें घ्या. फ्रान्साइतकेंच तें समुद्रापलीकडे कॅनडांत स्थायिक झालेल्या फ्रेंचांच्या तोंडीं आहे. या जातीच्या गाण्यांत एका कडव्याची दुसरी ओळ पुढल्या कडव्याची पहिली होते, आणि मध्यें पालुपद येतें. छापील पानावर ही पुनरुक्ति कंटाळवाणी दिसते. पण एकानें म्हणावें व इतरांनीं तें परतून म्हणत पाय टाकावा किंवा वल्हें मारावें, असें तें गाणें आहे. पुनरुक्ति ही तेथें अलंकार नाहीं आणि दोषहि नाहीं; ती त्या कामाची गरज आहे. यावरून समीक्षकानें एक नियम बांधून घ्यावा: ज्या गाण्याबरोबर हात चालत असतात त्याचें वृत्त हातांत शोधावें, पिंगळांत नव्हे.

रचनेंत इतकें साम्य, पण आशयांत मात्र एके ठिकाणीं मोठा भेद पडतो, व तो विचार करण्याजोगा आहे. फ्रेंच लोकगीतांत 'माल मारिये', म्हणजे वाईट स्थळीं दिलेली स्त्री, हा एक स्वतंत्र व फार जुना विषय आहे. बापानें म्हाताऱ्याच्या गळ्यांत बांधलें, तो कुरकुरतो, मारतो. मग ही स्त्री त्याची चेष्टा करते, त्याच्या मरणाची वाट पाहते, पुष्कळदां दुसरा प्रियकर गांठते. आमच्या ओवींतहि सासुरवास आहे, मारहाण आहे, बापानें डोळे मिटून दिल्याचा ठपका आहे. पण प्रियकर जवळजवळ नाहीं. त्याच्या जागीं भाऊ आहे. दिवाळीस न्यावयास येणारा, चोळी घेणारा, आणि वहिनी आल्यावर हळूहळू परका होणारा भाऊ.

याचें उत्तर कोणी 'भारतीय स्त्रीची शालीनता' असें देईल. आम्हांस तें उत्तर अपुरें वाटतें. फ्रेंच गाणें बहुतेक नाचांत, मेळ्यांत, स्त्रीपुरुषांच्या देखत गाइलें जाई. तेथें नवऱ्याची थट्टा हा सर्वांचा खेळ होता, व खेळांत बोललेलें अंगाशीं येत नाहीं. ओवी गाइली जाई ती पहाटे, घर निजलेलें असतां, पण त्याच घरांत. सासू भिंतीपलीकडे जागीच असावयाची. जात्याच्या घरघरीआड कांहीं झांकतें, सर्व झांकत नाहीं. म्हणून ओवींतील स्त्री आपलें दुःख सीतेवर घालते. जात्यावरची सीता पोथींतल्या सीतेहून निराळी आहे. ती पतिव्रता आहेच. पण निष्कारण घराबाहेर काढलेली, रानांत एकटी बाळंत झालेली बाईहि आहे, आणि तिच्या कथेंत रामास जाब विचारणारा सूर स्पष्ट ऐकूं येतो. विठ्ठलहि तसाच. जनीबरोबर दळावयास बसणारा, रुक्मिणीचा रुसवा सोसणारा हा देव बाईला जें घरीं मिळालें नाहीं तें देणारा आहे. तुकोबांची पालखी दरसाल उंडवडीवरून बारामतीस येते, आणि पुढें सणसर, निमगाव केतकी, इंदापूर करीत सराटीपाशीं नीरा ओलांडते. ज्या बायकांच्या दारावरून पंढरीची वाट जाते, त्यांच्या ओवींत पंढरपूर हें माहेर व्हावें यांत नवल नाहीं. ही निव्वळ भक्ति म्हणून वाचणें म्हणजे अर्धी ओवी वाचणें होय.

मग ही ओवी रचली कोणी? १९४८ मध्यें कमलाबाई देशपांडे यांनीं आपल्या स्त्रीगीतांच्या ग्रंथास 'अपौरुषेय वाङ्मय' असें नांव दिलें. नांव मोठें मार्मिक आहे. वेद अपौरुषेय, तशींच हीं गीतेंहि. पुरुषांनीं न रचलेलीं हा श्लेष त्यांत आहेच. परंतु या गौरवांत एक धोका दडलेला आहे. वेदांस कर्ताच नाहीं असें मीमांसक मानतात. ओवीस कर्ता नाहीं असें मानलें कीं कर्त्रीहि नाहींशी होते, आणि 'लोक' नांवाची एक धूसर मूर्ति तिच्या जागीं बसते. युरोपांतहि एकोणिसाव्या शतकांत हेंच झालें: लोकगीत हें राष्ट्राच्या आत्म्यांतून आपोआप उगवतें असें मानण्याची प्रथा पडली. फ्रान्समध्यें पात्रीस क्वारो या संशोधकानें विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत हा भ्रम मोडला. जुन्या छापील चोपड्या व हस्तलिखितें चाळून त्यानें दाखविलें कीं, पुष्कळशा 'अनादि' लोकगीतांस सतराव्या-अठराव्या शतकांतील कोणी ना कोणी कर्ता होता. नंतर तीं तोंडोतोंडीं फिरलीं, झिजलीं, घासून गुळगुळीत झालीं, व पुष्कळदां मूळाहून सुंदर झालीं. लोकांचें कर्तृत्व रचनेंत नसून घडणींत आहे.

क्वारोचा हा विचार घेऊन बारामतीस परत येऊं. मोरोपंतांनीं सीतागीत, सावित्रीगीत अशीं गीतें खास स्त्रियांसाठीं रचलीं. संस्कृतप्रचुर आर्येचा हा सम्राट् बायकांच्या ओवीच्या चालीपुढें वांकला, ही गोष्ट त्याच्या चरित्रांत तळटीपेइतकीहि समजली जात नाहीं. आमच्या मतें ती एका प्रकरणाएवढी आहे. लेखणी व जातें यांच्या मध्यें भिंत नव्हती. मात्र ओवीचा हिशेब क्वारोच्या हिशेबाहून थोडा पुढें जातो. फ्रेंच गाण्यास निदान ठराविक कथा व ठराविक कडवीं असतात. ओवी दोन ओळींची असल्यामुळें पहिला चरण ठेवणींतला घ्यावा व दुसरा आपल्या मनचा जोडावा, किंवा मुलाचें, भावाचें, गांवाचें नांव बदलून ती आपलीशी करावी, हें रोज घडे. तेथें गाणारी व रचणारी यांत भेद करतां येत नाहीं. म्हणून ओवी अनामिक आहे असें म्हणण्यापेक्षां तिचीं नांवें कोणी विचारलीं नाहींत असें म्हणणें खरें.

येथें संग्राहकाची जबाबदारी सुरू होते. ला व्हिलमार्के या तरुणानें १८३९ मध्यें ब्रिटनी प्रांतांतील गीतांचा 'बार्झाझ ब्रेझ' हा संग्रह छापला. त्याची वाहवा झाली. पण पुढें लुझेल वगैरे मंडळींनीं, हीं गीतें लोकांचीं नसून यानेंच घडविलेलीं आहेत, असा आरोप केला. शंभर वर्षें हा कलंक राहिला. अखेर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत दोनातियँ लोराँ यांस मूळ टिपणवह्या मिळाल्या, आणि गाणीं खरोखर गोळा केलेलीं होतीं, पण छापतांना त्यांवर हात फिरविलेला होता, असें दिसून आलें. दुसरें उदाहरण सरकारी खात्याचें. १८५२ मध्यें लुई नेपोलियनच्या राजवटींत मंत्री फोर्तूल यांनीं सर्व देशांतील लोकगीतें जमविण्याचा हुकूम काढला. आंपेर यांनीं त्याच्या सूचना लिहिल्या. ढीगभर गीतें आलीं. तीं छापलीं मात्र गेलीं नाहींत. तीं पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयांत हस्तलिखितरूपानें पडून राहिलीं. एकानें सजविलें, दुसऱ्यानें बासनांत बांधलें.

आमच्या संग्राहकांनीं बनावट केली असें कोणी म्हणणार नाहीं. कालेलकर-चोरघडे यांचें 'साहित्याचें मूलधन', साने गुरुजींचें 'स्त्रीजीवन' हीं पुस्तकें प्रेमानें झालेलीं आहेत, आणि सुशिक्षित घरांत ओवीस मान मिळाला तो त्यांच्यामुळें. परंतु प्रेमहि निवड करतें. या संग्रहांतून जी स्त्री उभी राहते ती मुख्यतः सोशिक, वत्सल, माहेरासाठीं डोळे भरून येणारी आहे. तिचा राग, तिची कडवट थट्टा, बाईचा जन्मच नको असें म्हणणारा तिचा धिक्कार, हें सारें मागें राहतें. शिवाय आई, भाऊ, माहेर, देव अशी विषयवार वर्गवारी केली कीं प्रत्येक ओवी आपल्या शेजारणीपासून तुटते. जात्यावर विठ्ठलाच्या ओवीमागून सासूची ओवी कां आली, यांतच पुष्कळदां अर्थ असतो. तो अर्थ सूचिपत्रांत मरतो.

राईरकर-पॉइटवाँ यांच्या संग्रहांतहि वर्गवारी आहे, व वरील आक्षेपांतून तो सर्वस्वी सुटत नाहीं. पण दोन गोष्टींत त्यानें जुन्या वाटेस फांटा दिला. गरीब डोंगरी संघटनेच्या कामांतून मुळशी-मावळच्या शेतकरी बायकांशीं त्यांचा संबंध जडला, आणि ओवी ही जुनी वस्तु म्हणून न गोळा करतां, बाईनें आपल्या स्थितीविषयीं दिलेली साक्ष म्हणून त्यांनीं ती ऐकली. दुसरें, गाणारीचें नांव व गांव नोंदलें. महाराष्ट्रांतील हजारांवर गांवांतल्या तीन हजारांवर स्त्रियांच्या एक लाखाहून अधिक ओव्या आज तेथें आहेत. इंदापूर तालुक्यांतील निमगाव केतकीसारखीं गांवें त्यांत आहेत. बर्नार्ड बेल या दुसऱ्या फ्रेंच संशोधकाच्या साह्यानें त्यांतील कांहींचें ध्वनिमुद्रणहि झालें. हेमाताई २०१० मध्यें वारल्या. पुढें २०१७ पासून 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहालयानें हीं गीतें शब्द, भाषांतर व आवाज यांसह प्रकाशित करण्याचें काम चालविलें आहे.

या संग्रहानें आणखी एक समजूत खोटी ठरविली, ती म्हणजे लोकगीत जुनेंच असतें ही. बाबासाहेब आंबेडकरांवरील ओव्यांचें एक मोठें भांडार त्यांत आहे. ज्या वळणानें रामाचा, विठ्ठलाचा पाळणा गाइला, त्याच वळणानें भीमरावांची मिरवणूक, त्यांनीं दिलेला बौद्ध धर्म, त्यांचें १९५६ मधील निर्वाण हें सारें गाइलें गेलें. फ्रेंचांच्या मार्लबरोच्या गाण्याशीं याची तुलना करावी. हा इंग्रज सेनापति १७०९ मध्यें माल्प्लाके येथें फ्रेंचांशीं लढला व १७२२ मध्यें अंथरुणावर वारला. गाण्यानें मात्र त्यास रणांत मारून त्याची थाटानें प्रेतयात्रा काढली, आणि १७८१ च्या सुमारास राजपुत्राच्या दाईच्या तोंडून तें गाणें राजवाड्यांत जाऊन फ्रान्सभर पसरलें. तेथें इतिहासाचें खेळणें झालें. आमच्या दलित स्त्रियांच्या ओवींत इतिहास खेळणें झाला नाहीं; तो घरांतला माणूस झाला. हा भेद रसिकतेचा नव्हे, गरजेचा आहे.

आवाजाविषयीं थोडें लिहिणें अवश्य आहे. मनुष्यवाणीचें जें सर्वांत जुनें ओळखूं येणारें मुद्रण आज वाजवितां येतें, तें एका फ्रेंच लोकगीताचेंच आहे: ९ एप्रिल १८६० रोजीं एदुआर-लेओं स्कॉट यानें काजळी धरलेल्या कागदावर उमटविलेली 'ओ क्लेर द ला ल्यून' या गाण्याची ओळ. २००८ मध्यें ती प्रथम वाजविली तेव्हां कोणी मुलगी गात असावी असें ऐकणारांस वाटलें. पुढें गति चुकल्याचें ध्यानांत आलें. निम्म्या वेगानें लाविल्यावर संथ, घोगरा पुरुषाचा आवाज निघाला, बहुधा खुद्द शोधकाचाच. वेग चुकला तर गाणाराचें लिंगहि बदलतें, मग अर्थाची काय कथा! ओवीचा वेग जात्याचा वेग आहे. ती सभागृहांत तबला-पेटीवर द्रुत लयींत म्हटली कीं शब्द तेच राहतात आणि बाई बदलते. रूसोनें १७६८ च्या आपल्या संगीतकोशांत स्विस गुराख्यांच्या एका सुरावटीविषयीं लिहिलें आहे. परदेशीं नोकरीस असलेले स्विस शिपाई ती ऐकून रडत, पळून जात, म्हणून ती वाजविण्यास बंदी होती. इतरांवर तिचा कांहींच परिणाम होत नसे. त्याचा निष्कर्ष असा कीं, तेथें संगीत संगीत म्हणून काम करीत नाहीं, आठवणीची खूण म्हणून करतें.

ही खूण आतां कोणासाठीं उरली आहे? नीरेच्या डाव्या कालव्याचें पाणी १८८५ च्या सुमारास बारामतीकडे आलें. १९३० नंतर वालचंदनगर उभें राहिलें. उसानें माळरानाचें रूप पालटलें. उजनीच्या जलाशयानें इंदापूरच्या कांठचीं जुनीं गांवें पोटांत घेतलीं. या सर्वांच्या जोडीनें पिठाची गिरणी आली, आणि जातें थांबलें. याचें कोणी दुःख करूं नये. रोज पहाटे पायलीभर ज्वारी दळण्यांत काय सुख होतें हें दळणारीनेंच ओवींत सांगून ठेविलें आहे, आणि तिला त्या कष्टांतून सोडविणाऱ्या गिरणीस नांवें ठेवण्याचा अधिकार आयतें पीठ खाणारास नाहीं. आज जातें निघतें तें लग्नांत हळद दळण्यापुरतें; त्याला सुपारी-आंब्याचीं पानें बांधतात, चार सुवासिनी खुंट्यास हात लावतात, आणि कोणी म्हातारी दोन ओव्या म्हणते. बाकीच्या माना डोलावतात.

तेवढ्यानें समाधान मानावयाचें असेल तर फोर्तूलच्या बासनाहून आपण फार पुढें गेलों नाहीं. ओवीचें जतन म्हणजे तिचें कौतुक नव्हे. तिचें म्हणणें ऐकणें होय. फ्रेंचांनीं आपल्या मध्ययुगीन स्त्रीचा आवाज गमावला, कारण लिहिणारांस आपल्या आवडीची स्त्री हवी होती. आमच्या हातीं नांवगांवासह एक लाख ओव्या आहेत, आणि त्यांतील कित्येक गाणाऱ्या अजून हयात आहेत. आमच्या विद्यापीठांच्या पाठ्यपुस्तकांत मोरोपंतांची आर्या अर्थासह, टीपांसह लावली जाते. त्याच काळजीनें, त्याच आदरानें, गाणारीच्या नांवासह, रागाच्या ओव्या न वगळतां, जात्यावरचें एक पहाटेचें दळण अथपासून इतिपर्यंत ज्या दिवशीं लावलें जाईल, त्या दिवशीं बारामतीचें वाङ्मयांतील नांव दोन आवाजांचें होईल.